ह्यातली हृदयाची गोळी कोणती?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस, काउंटरवर गर्दी. एका काकांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. मी तीन औषधं काढून ठेवली आणि महिन्याची रक्कम सांगितली. काकांनी खिशातल्या नोटा मोजल्या, परत मोजल्या आणि हळूच विचारलं, "ताई, ह्यातली हृदयाची गोळी कोणती? तेवढीच द्या. बाकीचं पुढं बघू."

चिठ्ठीवर मेटोप्रोलॉल, डिगॉक्सिन आणि एपिक्सॅबॅन होतं. निदान म्हणून दोनच अक्षरं लिहिलेली, एएफ. म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाची लय बिघडण्याचे प्रकार बरेच आहेत, पण वर्षानुवर्षं औषध घ्यावं लागतं अशांमध्ये हा सगळ्यात जास्त दिसणारा. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांमध्ये तर फारच. काकांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण जी गोळी त्यांना 'हृदयाची' वाटत होती ती घेऊन त्यांची धडधड थांबली असती, त्यांना बरं वाटलं असतं. आणि जी मागे ठेवायला ते तयार होते, तिच्यावाचून एखाद्या सकाळी अंगावरून वारं जाण्याची भीती तशीच राहिली असती. तिन्ही गोळ्या एकाच आजारावरच्या, पण तिघींची कामं निरनिराळी. गर्दीत मी त्यांना जे घाईघाईत सांगितलं, ते इथे सवडीनं सांगते.

ठोका निघतो कुठून

हृदयाला ठोका द्यायला मेंदूचा हुकूम लागत नाही. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, मोठी शीर जिथे येऊन मिळते तिथे, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो स्वतःहून वीज सोडतो, विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा. दिवसाचे साधारण १ लाख ठोके होतात. इंग्लंडमध्ये मार्टिन फ्लॅक नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला हा पुंजका पहिल्यांदा दिसला तो माणसाच्या नव्हे, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मोल नावाच्या छोट्या प्राण्याच्या हृदयात. त्याने आणि त्याचे गुरू आर्थर कीथ यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केलं. त्याच्या एकच वर्ष आधी सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरांनी दुसरा पुंजका शोधला होता, तो वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या सीमेवर असतो. शाळेच्या पुस्तकात वरच्या कप्प्यांना अलिंद आणि खालच्यांना निलय म्हणतात. मी मात्र वरचे-खालचेच म्हणते.

शाळेत लेझीम खेळलेल्यांना ही रचना चटकन कळेल. मैदानावर एकच शिट्टी वाजते आणि सगळ्या ओळी एकदम वाकतात. वरचा पुंजका ही शिट्टी. ती ऐकून वरचे कप्पे आकुंचन पावतात आणि रक्त खाली ढकलतात. सीमेवरचा तावारांचा पुंजका तो इशारा क्षणभर, सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरता, अडवून धरतो. तेवढ्या वेळात खालचे कप्पे भरतात. मग इशारा खाली जातो, खालचे कप्पे जोर लावतात आणि रक्त अंगभर जातं. हा क्षणभराचा उशीर फार मोलाचा आहे, आणि पुढे ज्या गोळ्यांबद्दल सांगणार आहे त्यांतल्या निम्म्या ह्याच उशिरावर काम करतात.

एएफमध्ये वरच्या कप्प्यांत एक शिट्टी उरत नाही. जागोजागी वाजू लागतात, मिनिटाला ३५० ते ६०० इशारे. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. सीमेवरचा पुंजका त्यातले बरेचसे अडवतो, पण जे निसटतात ते कसेही निसटतात. म्हणून मनगटावर बोटं ठेवली की नाडी जलद लागते आणि दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं लागतं. त्यात कुठलाच नियम सापडत नाही. कुणाला छातीत पाखरू फडफडल्यासारखं वाटतं, कुणाला जिना चढताना दम लागतो, कुणी नुसतं म्हणतं, "हल्ली गळून गेल्यासारखं होतं." आणि कितीतरी जणांना काहीच जाणवत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कार्डिओग्राम काढतात तेव्हा पहिल्यांदा कळतं.

सगळी धडधड एएफ नसते

हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला रात्री झोप यायची नाही. "माझा एक ठोका चुकतो" असं सांगत येणारी माणसं पुष्कळ असतात. खरं म्हणजे ठोका चुकलेला नसतो, एक ठोका वेळेआधी येऊन गेलेला असतो. त्याच्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं, त्या वेळात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका छातीत गचका बसल्यासारखा जोरात लागतो. हृदय एरवी निरोगी असेल तर असे अधूनमधून येणारे जादा ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. जागरण, ताप, चहा-कॉफीचा अतिरेक, दारू, काळजी, एवढंही कारण पुरतं.

दुसरा प्रकार बहुतेक तरुणांत दिसतो. बसल्या जागी, बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते, मिनिटाला १५० ते २२० ठोके, पण अगदी नियमित. आणि तशीच एकाएकी थांबते. याला एसव्हीटी म्हणतात. इथे इशारा एका गोलाकार वाटेत अडकून त्याच त्याच फेऱ्या मारत असतो. जोरात कुंथून ही फेरी तुटू शकते, कारण कुंथल्याने एक मज्जातंतू चेतवला जातो आणि सीमेवरचा पुंजका मंदावतो. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१५ साली दाखवलं की अर्धवट बसवून रुग्णाला १५ सेकंद जोर लावायला सांगायचा आणि लगेच आडवं करून पाय वर उचलायचे, असं केलं तर १०० पैकी ४३ जणांची लय जागेवर येते. नुसत्या कुंथण्याने १७ जणांची येत होती. पैशाचा खर्च नाही, सुई नाही. मला हा शोध फार आवडतो. नाहीच जमलं तर दवाखान्यात एडिनोसिन देतात. ते रक्तात १० सेकंदही धड टिकत नाही, म्हणून झपकन शिरेत ढकलावं लागतं. पुढचे काही सेकंद छाती आवळते, आता संपलं असं वाटतं, कार्डिओग्रामवर सरळ रेघ दिसते आणि मग लय परत येते. एक मात्र घरी करू नका. मानेच्या बाजूची नस चोळून धडधड थांबवायचे व्हिडिओ फिरत असतात. वयस्कर माणसाच्या त्या रक्तवाहिनीत चरबीचा थर असेल तर तो सुटून मेंदूत जाऊ शकतो.

खालच्या कप्प्यांतून सुरू होणारी जलद लय मात्र गंभीर. ती बिघडत जाऊन खालचे कप्पेच थरथरू लागले तर रक्त फेकलंच जात नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. तिथे गोळीला वेळ नसतो. १०८ ला फोन, छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात दाब देत राहणं आणि विजेचा झटका, एवढंच कामाचं. याच्या उलट ठोके फार मंदावण्याचा आजार असतो. सीमेवरची वाट जिथे कायमची बंद पडते, तिथे पेसमेकर लागतो. तो बसवायला सांगितलं की लोक "गोळीवर नाही का भागणार?" असं विचारतात. नाही भागणार.

पहिली गोळी: घाई कमी करणारी

काकांच्या चिठ्ठीतलं मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकर गटातलं. घाबरल्यावर किंवा धावल्यावर शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं आणि हृदयाला टाच मारतं. ही गोळी ती टाच लागू देत नाही. सीमेवरच्या पुंजक्यातून इशारे कमी निसटतात आणि नाडी १४० वरून ८०-९० वर येते. या गटातलं पहिलं यशस्वी औषध प्रोप्रॅनोलॉल, ते स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बनवलं आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं.

ही गोळी एएफ घालवत नाही. वरचे कप्पे थरथरतच असतात, फक्त त्यांचा गोंधळ खाली कमी पोहोचतो. तरी माणसाला एवढं बरं वाटतं की आजार गेला असं तो समजतो. दम्याच्या माणसाने डॉक्टरांना दमा सांगितल्याशिवाय ही घेऊ नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की साखर खाली गेल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे दबते, घाम मात्र फुटतो. तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा. आणि ही गोळी एकदम बंद करायची नाही. इतके दिवस अडवून धरलेलं अ‍ॅड्रिनॅलिन एकदम मोकळं सुटतं आणि छातीत दुखण्यापर्यंत पाळी येते. दमा असणाऱ्यांना पुष्कळदा डिल्टियाझेम देतात, तेही सीमेवरच काम करतं.

दुसरी गोळी: बिट्टीची लांबची बहीण

डिगॉक्सिन हे या तिघींमधलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नाजूक. तेही सीमेवरच इशारे अडवून नाडी कमी करतं. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी एका झाडपाल्याच्या औषधावर पुस्तक लिहिलं. अंगावर पाणी चढलेल्या, सुजलेल्या रुग्णांना श्रॉपशायरमधली एक म्हातारी काढा देई आणि त्याचा गुण येई. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतींचे जाणकार. त्यातली खरी काम करणारी फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हे त्यांनी ओळखलं आणि ती किती द्यावी, कधी थांबवावी हे दहा वर्षं टिपून ठेवलं.

आपल्याकडे फॉक्सग्लोव्ह रानात उगवत नाही, पण त्याच जातीचं विष आपल्या कुंपणावर आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. लहानपणी जिच्या बिया घेऊन आपण खेळलो तिच्यात डिगॉक्सिनसारखीच द्रव्यं असतात, आणि म्हणूनच बिट्टीची बी पोटात गेली की हृदयाची लय बिघडून जीव जातो. औषध आणि विष यांच्यात इथे अंतर फार थोडं आहे. म्हणून डिगॉक्सिनची गोळी मिलिग्रॅमच्या चौथ्या भागाएवढी इवलीशी असते, आणि आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर ती आठवड्यातून पाचच दिवस देतात, शनिवार-रविवार सुट्टी. ही सुट्टी कुणाच्या चिठ्ठीवर असते, कुणाच्या नसते. शेजाऱ्याला आहे म्हणून आपण घ्यायची नाही.

या गोळीचं विष चढू लागलं की पहिल्यांदा जेवणावरची वासना उडते, मळमळ होते. मग नजरेला सगळं पिवळसर दिसू लागतं, नाडी मंदावते किंवा नवेच जादा ठोके सुरू होतात. घरच्यांना वाटतं, पित्त झालंय. म्हातारं माणूस डिगॉक्सिनवर असेल आणि दोन दिवस जेवत नसेल, तर अ‍ॅसिडिटीची गोळी मागायला माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंडं मंदावली असतील, किंवा जुलाब-उलट्यांनी आणि लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम कमी झालं असेल, तर नेहमीचाच डोस जास्त होतो. इथे ज्येष्ठमधाचंही नाव घ्यायला हवं. खोकल्याला एखादा तुकडा चघळला तर हरकत नाही, पण महिनोन् महिने काढा घेतला तर ज्येष्ठमध पोटॅशियम खाली आणतं. डॉक्टर "आणखी काय घेता?" विचारतात तेव्हा आपण काढा मोजतच नाही.

तिसरी गोळी: जिचं काम कधीच जाणवत नाही

आता काकांनी मागे ठेवायला काढलेली गोळी. एपिक्सॅबॅन ना नाडी कमी करत, ना लय आणत. ती घेऊन काहीच वाटत नाही. आणि तिघींमध्ये महागही तीच.

डाव्या वरच्या कप्प्याला एका बाजूला छोटी पिशवी असते, कानाच्या पाळीसारखी. कप्पा नीट आकुंचन पावत असतो तोवर तिच्यातलं रक्तही हलतं राहतं. कप्पा नुसता थरथरू लागला की ओढ्याच्या कडेच्या डबक्यासारखं तिथलं रक्त साचतं, आणि साचलेलं रक्त गोठतं. ती गुठळी कधीतरी सुटते, रक्ताबरोबर वर जाते आणि मेंदूची वाहिनी बंद करते. तोंड वाकडं होतं, हात गळतो, जीभ अडखळते. आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. वारं कसलं, हृदयात तयार झालेली गुठळी असते ती. एएफ असणाऱ्याला हा धोका साधारण पाच पटीने जास्त असतो. धडधड जाणवते की नाही, अधूनमधून होते की कायम असते, यावरून तो मोजता येत नाही. डॉक्टर तो मोजतात वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची ताकद आणि आधी अंगावरून वारं गेलं आहे का, यावरून. काकांचं वय ७१, त्यात मधुमेह. त्यांना हृदयाची म्हणून एकच गोळी निवडायची सक्ती केली असती, तरी ही वगळणं सगळ्यात वाईट ठरलं असतं.

लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. रक्त पाण्यासारखं होत नाही, फक्त गोठायला जास्त वेळ लागतो. या गटातलं जुनं औषध वॉरफेरिन, आणि आपल्याकडे त्याच पठडीतलं असेनोकुमारॉल फार चालतं. त्याची कथा अमेरिकेतल्या गुरांपासून सुरू होते. सडलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताची किटली घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात पोहोचला. तिथल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचं द्रव्य शोधलं. पुढे त्यातूनच वॉरफेरिन तयार झालं. १९४८ साली ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरलं जाऊ लागलं. "हे तर उंदराचं औषध आहे" असा मेसेज मोबाइलवर वाचून गोळी बंद करणारे मला भेटतात. खरं आहे ते. पण गेली ७० वर्षं मोजून मापून दिलेल्या याच औषधाने असंख्य माणसांची वाचा आणि हातपाय वाचवले आहेत, हेही तितकंच खरं आहे.

वॉरफेरिन घेणाऱ्याला आयएनआर ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी, रक्ततपासणी करत राहावी लागते. एएफमध्ये आकडा सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात. पालक, मेथी, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर, आणि ते या औषधाच्या विरुद्ध काम करतं. म्हणून "पालेभाजी बंद" असं सांगण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. भाजी खावी, पण दर आठवड्याला साधारण सारखी. गोंधळ होतो तो एक महिना पालेभाजी सोडून पुढच्या महिन्यात रोज मेथी खाल्ली की.

एपिक्सॅबॅन, रिव्हारॉक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन ही नवी औषधं आल्यापासून आयएनआरची धावपळ पुष्कळांची वाचली. पण ती सगळ्यांसाठी नाहीत. लहानपणी घसा दुखून ताप आलेले, सांधे सुजलेले, त्या तापाने डाव्या बाजूची झडप आखडलेली, असे रुग्ण आपल्याकडे अजून बरेच आहेत. त्यांना एएफ झालं तर काय द्यावं, यावर २४ देशांतल्या साडेचार हजार रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. रिव्हारॉक्सॅबॅनपेक्षा वॉरफेरिनच्या गटात मृत्यू कमी होते. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही जुनंच औषध लागतं. तेव्हा "नवी गोळी द्या, तपासणीची कटकट नको" असा हट्ट झडपेच्या रुग्णाने धरू नये.

अ‍ॅस्पिरिनबद्दलही मला कळकळीनं सांगायचं आहे. "त्याऐवजी अ‍ॅस्पिरिन चालेल ना, स्वस्त पडतं" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. वॉरफेरिन घेऊ न शकणाऱ्या एएफच्या ५,५९९ रुग्णांत अ‍ॅस्पिरिन आणि एपिक्सॅबॅनची तुलना झाली. अ‍ॅस्पिरिनवर वर्षाला १०० पैकी ३.७ जणांना गुठळीचा झटका आला, एपिक्सॅबॅनवर १.६ जणांना. मोठा रक्तस्राव दोन्हींत जवळपास सारखाच. म्हणजे अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाची जोखीम तेवढीच घेतली आणि झटके मात्र दुपटीहून जास्त आले.

आता चिठ्ठीवर न लिहिलेल्या गोष्टी. रिव्हारॉक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच घ्यायची, उपाशीपोटी ती पुरेशी शोषली जात नाही. एकादशीला, श्रावणी सोमवारी रिकाम्या पोटी ती घेणारे खूप आहेत. ज्या वेळी फराळ कराल त्याच वेळी गोळी घ्या. डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल दमट हवेत खराब होते. कोकणात, पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या सात घरांच्या डबीत आधीच काढून ठेवू नये, घेतेवेळीच पाकिटातून काढावी, आणि फोडून पावडर करून तर मुळीच देऊ नये. एपिक्सॅबॅन दिवसातून दोनदा. एक वेळ विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, पण दोन एकदम नको. पैसे वाचवायला दोनाची एक करणं म्हणजे दिवसाचा अर्धा वेळ उघड्यावर राहणं. आणि गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने नको, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्याने पोटात रक्तस्राव होतो. संडास डांबरासारखी काळी झाली, किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच दवाखाना. दात काढायचा असेल तर गोळी किती तास थांबवायची, थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

चौथी गोळी, जी नंतर आली

काकांची नाडी ताब्यात आली तरी दम कमी होईना. म्हणून डॉक्टरांनी लयच जागेवर आणायचं ठरवलं. पुढच्या चिठ्ठीवर एमिओडॅरोन आलं.

लय आणणाऱ्या औषधांची सुरुवात कोयनेलपासून झाली. १९१२ साली एक डच व्यापारी कारेल वेंकेबाख या हृदयतज्ज्ञांकडे गेला. अनियमित धडधडीवर डॉक्टरांना इलाज सांगता येईना, तेव्हा व्यापारीच म्हणाला, उद्या सकाळी मी नियमित नाडी घेऊन येतो. आणि तसा आला. हिवतापासाठी घेतलेल्या कोयनेलने आपली धडधड थांबते हे त्याचं त्यानेच ताडलं होतं. १९१८ मध्ये वॉल्टर फ्रे यांनी त्याच सिंकोनाच्या सालीतल्या क्विनिडिनचा गुण जास्त येतो हे दाखवलं. एका रुग्णाचं म्हणणं नीट ऐकून घेतल्याने औषधांचा एक अख्खा गट मिळाला.

पण या गटाने वैद्यकाला एक मोठा धडाही दिला. हार्ट अटॅकनंतर ज्यांना जादा ठोके येतात त्यांचे मृत्यू जास्त होतात, तेव्हा ते ठोके दाबले की जीव वाचेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ते ठोके उत्तम दाबत. अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, ती १९८९ मध्ये घाईने थांबवावी लागली. औषध घेतलेल्या ७५५ पैकी ६३ जण दगावले, औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेतलेल्या ७४३ पैकी २६. कार्डिओग्राम सुधारला होता, माणसं मरत होती. ही औषधं इशाऱ्याचा वेग बदलतात, आणि जखमी हृदयात तोच बदल नवी, जास्त घातक लय सुरू करू शकतो. फ्लेकेनाइड आजही निरोगी हृदयाच्या एएफमध्ये उपयोगी आहे. पण शेजारच्याला लागू पडलेली 'ठोक्याची गोळी' मागायला कुणी आलं की मला ते ६३ जण आठवतात.

एमिओडॅरोन कमकुवत हृदयातही चालतं, म्हणून ते इतकं वापरलं जातं. ओव्याच्या कुळातल्या एका इजिप्शियन वनस्पतीतल्या द्रव्यावरून ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये तयार झालं, तेही छातीत दुखण्यावर. लयीवरचा त्याचा परिणाम फिजीत जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या ब्रामा सिंग यांनी ऑक्सफर्डमध्ये माइल्स व्हॉन विल्यम्स यांच्याबरोबर काम करताना उलगडला. हे औषध चरबीत साठून राहतं. बंद केल्यावर निम्मं बाहेर पडायला सरासरी दोन महिने लागतात. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. शरीराला दिवसाला लागतं ०.१५ मिलिग्रॅम. गोळीतलं थोडंच आयोडीन सुटं होतं, तरी थायरॉइड बिघडायला तेवढं पुरतं. म्हणून दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी, उन्हात अंग झाकणं, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर फुप्फुसं तपासून घेणं. डिगॉक्सिन चालू असेल तर त्याचा डोस साधारण निम्मा करावा लागतो आणि वॉरफेरिनचाही कमी करावा लागतो. काकांच्या नव्या चिठ्ठीवर डिगॉक्सिन तसंच होतं. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बदल सांगितला. दोन डॉक्टरांकडे दाखवत असाल तर दोघांच्या चिठ्ठ्या एकाच दुकानात दाखवा, एवढ्यासाठीच.

लय परत आणायचे गोळीशिवायही मार्ग आहेत, भूल देऊन विजेचा हलका झटका किंवा तारेने आत जाऊन बिघडलेल्या जागा निकामी करणं. झटक्याच्या आधी किमान तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे रक्त पातळ करायची गोळी न चुकता लागते, कारण थरथर थांबून कप्पा जोरात आकुंचन पावला की साचलेली गुठळी नेमकी तेव्हाच सुटते. आणि लय आली म्हणून तिसरी गोळी आपोआप बंद होत नाही. एएफ रात्री झोपेत येऊन जाऊ शकतं.

घरी एवढं करता येतं. मधली दोन बोटं मनगटावर ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, अंगठ्याने नको, आणि वहीत लिहा. एएफमध्ये बीपीच्या मशीनचा एकच आकडा फसवतो, दोन-तीनदा घ्या. विश्रांतीत नाडी सतत ११० च्या वर किंवा ५० च्या खाली असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबू नका.

त्या बाजारच्या दिवशी काकांना मी एकच गोळी दिली नाही. महिन्याची एक घेण्यापेक्षा आठवड्याच्या तिन्ही घ्या म्हटलं. नाव आणि तारीख राहील अशी पाकिटं कापली. मेटोप्रोलॉलच्या ७, डिगॉक्सिनच्या ५, एपिक्सॅबॅनच्या १४. प्रत्येकीवर पेनाने लिहिलं, 'नाडी', 'नाडी, शनि-रवि नाही', 'मेंदू, सकाळ-रात्र'. डॉक्टरांशी बोलून एपिक्सॅबॅन दुसऱ्या कंपनीचं, कमी किमतीचं केलं. काकांनी तिसरं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, वरच्या खिशात वेगळं ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या बाजारी पुन्हा चौदाच काढून ठेवा."